बकेटमध्ये बसून जेवणारे मास्तर

मास्तर दुपारचं जेवण मशीनच्या बकेटमध्ये बसून जेवत. खोदाईचं ते अवाढव्य मशीन, ज्याला आपल्याकडे सगळेच पोकलेन म्हणतात, त्याच्या सोंडेला पुढे दात असलेला लोखंडी पंजा असतो. यार्डात त्याला बकेट म्हणत. एखादं मशीन पंजा टेकून उभं असलं की मास्तर त्यात सतरंजीचा तुकडा अंथरत, मांडी घालत आणि डबा उघडत. पंजाचं तोंड सावलीकडे हवं, एवढीच त्यांची अट.

"अशी खोली मिळणार नाही बाई," ते मला म्हणाले होते. "तीन बाजूंनी भिंत, वर छप्पर, आणि समोरून कोण येई राहिलं ते बसल्या जागी दिसतं."

शेठनी त्यांना पहिल्यांदा तसं जेवताना पाहिलं तेव्हा ते माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाले, "बेन, आ मास्तर पागल छे के?"

मी म्हटलं, "माहीत नाही. पण काल त्यांनी तीन महिने बंद असलेलं मशीन चालू केलं."

"तो पछी जमवा दो," शेठ म्हणाले. मग जेवू द्या.

मी तेव्हा सिल्वासाजवळच्या मसाटच्या त्या यार्डात ऑफिस सांभाळत होते. शेठ जपानमध्ये वापरलेली मशीनं बोटीनं मागवत, दुरुस्त करत आणि भाड्यानं देत. नव्वद सालानंतरची ती वर्षं. मसाट, राखोली, खडोली, जिकडे बघावं तिकडे कारखान्यांचे पाये खणणं चालू होतं. माझे वडील सरकारी नोकरीत बदली होऊन रत्नागिरीकडून सिल्वासाला आले आणि इथेच वारले. आई आणि मी राहिलो. मी छत्तीस वर्षांची होते. लग्नाचं बोलणं घरात थांबून बरीच वर्षं झाली होती.

मास्तर दोंडाईचाकडचे. तरुणपणी टेलिफोनच्या केबली जोडत, मग धुळ्याकडे एका आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग घेत. बायको गेल्यावर ते सोडून इकडे आले. पन्नाशीला टेकलेले, उंच, वाकून चालणारे. वर्गाची सवय गेली नव्हती. कोणी काही विचारलं की आधी समोरच्याला प्रश्न टाकत, आणि पहिल्या उत्तरावर कधीच थांबत नसत.

शेठना त्यांची गरज का पडली ते सांगायला हवं. आधीच्या मशीनांत तेल आणि लोखंड एवढंच होतं. ही बोटीनं येणारी मशीनं वेगळी होती. त्यांत इंजिनाचा एक इलेक्ट्रॉनिक डबा, पंपाचा एक डबा आणि ड्रायव्हरसमोर एक लहानसा पडदा. ही तिघं बारीक वायरींवरून सतत एकमेकांना निरोप देत. ते निरोप थांबले की इंजिन मंदावायचं, सोंड आजाऱ्यासारखी उठायची, आणि पडद्यावर एक अक्षर नि दोन आकडे यायचे. कधी तेवढंही नाही. आमचे मेकॅनिक हुशार होते. ते इंजिन उघडत, पंप उघडत, सगळं ठाकठीक दिसे, पुन्हा बंद करत. मशीन तसंच.

"उघडू नका ना भो," मास्तर ओरडत. "ह्याचं काही बिघडलेलं नाही. ह्याच्या घरात अबोला आहे. कोण कोणाशी बोलत नाही ते आधी विचारा, मग उघडा."

विचारायची त्यांची रीत अशी : आधी ड्रायव्हरला समोर बसवायचं. मशीन बंद पडलं त्या दिवशी तू किती वाजता चढलास? आदल्या दिवशी मशीन धुतलं होतं का? बॅटरी कोणी काढली होती? खिडकी उघडी होती का? ड्रायव्हर वैतागायचे. मग मास्तर चालकाच्या जागेवर जाऊन अर्धा-पाऊण तास नुसते बसत. त्यानंतर मीटर काढत. मीटर त्यांनी गोधडीच्या कापडाच्या पिशवीत ठेवलेला असे. ती पिशवी त्यांनी स्वतः शिवली होती. एकेक डबा वायरीपासून सोडवायचा आणि उरलेले दोघं बोलतात का ते बघायचं. दोष सापडेपर्यंत चहाला हात लावायचा नाही. सापडला की लागोपाठ तीन कप.

वायरींना त्यांनी नावं ठेवली होती. पिवळीवर तांबडी रेघ असलेली हळदकुंकू. काळीवर पांढरी रेघ असलेली दयाळ, म्हणजे तो दयाळ पक्षी. हिरवी-पांढरी म्हणजे मुळा. मला कामाची वही लिहावी लागे, आणि ते सांगत, "लिहा बाई, मुळा गंजला होता, घासून जोडला." मी तसंच लिही. एकदा वापीहून एक इंजिनिअर आले. त्यांनी वही वाचली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

त्यांच्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी भरीत असे. स्वतःच करत. एकदा मी सोलकढी नेली. त्यांनी वास घेतला, रंग बघितला आणि विचारलं, "कोणत्या दुखण्यावर घेतात ही?" मी हसले. मग ते गटकन प्यायले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, ते औषध आणखी आहे का?" तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मी बाटली भरून नेऊ लागले. आईला सांगितलं, ऑफिसात सगळ्यांना आवडते.

आईनं पहिल्याच आठवड्यात मला त्यांचं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. पुढे काही विचारायची तिला गरज उरली नाही, आणि मलाही तिला काही सांगायची.

मशीनांसोबत येणारी पुस्तकं जपानी भाषेत होती. मास्तरांना ती वाचता येत नसत. शेवटी त्यांनी ठरवलं की आपणच नकाशा काढायचा. शेठच्या खोलीतली जुनी कॅलेंडरं आणून मी पानांच्या मागच्या कोऱ्या बाजू एकमेकींना खळीनं चिकटवल्या. फरशीएवढा कागद झाला. तीन दुपारी आम्ही दोघं ऑफिसच्या जमिनीवर ओणवे होतो. ते मशीनमध्ये जाऊन एक वायर तपासून येत, मी पट्टी धरे, ते रेघ मारत. जपानी अक्षरं ते हुबेहूब उतरवून काढत आणि मला विचारत, "हे घरासारखं दिसतं ते वरच्या ओळीतलंच ना?" तिसऱ्या दुपारी शेवटची रेघ जुळली तेव्हा ते टाचांवर बसले आणि नकाशाकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळाला शाई लागली होती. मी ती पुसायला हात उचलला आणि तसाच पट्टीवर ठेवला. त्यांनी ते पाहिलं. बाहेर कोणीतरी कॉम्प्रेसर चालू केला.

देवजीचं प्रकरण त्यानंतरच्या उन्हाळ्यात झालं.

देवजी आमचा ड्रायव्हर. खडोलीचा वारली, बुटका, अबोल, मशीन चालवण्यात यार्डात पहिला. त्याच्याकडे असलेलं मशीन राखोलीच्या एका कामावर वरचेवर बंद पडू लागलं. पडदा काळा व्हायचा, इंजिन मंद. दुसरा ड्रायव्हर बसवला की दिवसभर बिनतक्रार चाले. देवजी बसला की तासाभरात बंद. याच सुमारास बहिणीच्या लग्नाला रजा मागितली म्हणून फोरमनचं नि त्याचं वाजलं होतं. फोरमननं शेठना सांगितलं, "हा मुद्दाम करतो. कुठली तरी वायर ओढतो. नाहीतर बाकीच्यांच्या हातात कसं चालतं?"

शेठनी देवजीला बोलावलं. तो एवढंच म्हणाला, "मी नाय केला काय." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. त्याला काढून टाकलं आणि गेटवर सांगून ठेवलं की याला आत सोडायचं नाही. आठवड्याभरात ही गोष्ट आजूबाजूच्या सगळ्या यार्डांत पोहोचली. देवजीला कोणी मशीनला हात लावू देईना.

मास्तर तेव्हा गावी गेले होते. आल्यावर त्यांना कळलं. ते सरळ शेठकडे गेले.

"मशीन मी बघितलं का?"

"जोवानी जरूर नथी, बघायची गरज नाही, मास्तर. आता चालतं ने."

"मी बघितलं का?"

शेठ कंटाळून म्हणाले, "जुओ." बघा.

मशीन राखोलीहून यार्डात परत आलं होतं. नऊ दिवस ते त्या मशीनवर होते. स्वतः चालवलं, दुसऱ्याला चालवायला लावलं, वायरी हलवल्या, डबे सोडवले, जोडले. मशीन एकदाही बंद पडलं नाही. फोरमन येता-जाता हसे. नऊ दिवस मास्तरांनी चहा घेतला नाही. दहाव्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले. डोळे खोल गेले होते.

"बाई, मी सगळ्यांना विचारलं. ज्याच्या हातात बंद पडतं त्याला विचारलंच नाही. त्याला आत आणायला पास लागेल."

पास मी लिहायचे. शेठनी मनाई केली होती हे दोघांना माहीत होतं. नोकरी गेली तर घर कसं चालणार, याचा मी विचार केला नाही असं नाही. मी पास लिहिला, शिक्का मारला आणि म्हटलं, "मी पण येते. मी गेटवर असले तर वॉचमन अडवणार नाही."

मास्तरांच्या सायकलवरून मी जाणं शक्य नव्हतं. रिक्षा केली. देवजी घरामागे बांबू तासत बसला होता. मास्तर त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"देवजी, तू वायर ओढली का?"

"नाय."

"मला माहीत आहे. मला फक्त दाखव, तू मशीनवर चढतो कसा. मी नऊ दिवस चढलो, ते मला दाद देत नाही."

देवजीनं कोयता बाजूला ठेवला आणि शर्ट घातला.

यार्डात शेठ, फोरमन, मेकॅनिक, सगळे जमले. शेठनी माझ्याकडे एकदाच बघितलं. देवजी मशीनवर चढला. मास्तर दाराशी उभे. "रोज करतो तसंच कर. मला दाखवायला म्हणून काही करू नको." देवजीनं दार लावलं, आरसा वळवला आणि खालची दांडी उचलून खुर्ची पुढे सरकवली. पार शेवटपर्यंत. तो बुटका होता. पाय पोहोचायला खुर्ची पुढेच घ्यावी लागे.

"थांब!" मास्तर ओरडले.

देवजी सोडून त्या मशीनवर बसलेले सगळे उंच होते. मास्तर तर सगळ्यांत उंच. खुर्ची पुढे कोणी घेतलीच नव्हती. मास्तरांनी देवजीला तसंच बसवून मशीन चालवायला लावलं आणि स्वतः त्याच्या पायाशी अंग चोरून बसले. चाळीस मिनिटांनी पडदा काळा झाला. त्यांनी तिथेच टॉर्च मारला आणि खुर्चीखालची पट्टी सोडवली. जपानात कोणीतरी त्या मशीनला टेपरेकॉर्डर बसवला होता आणि त्यासाठी वायरींचा जुडगा मूळ जागेवरून सरकवून खुर्चीच्या रुळाखालून नेला होता. खुर्ची पुढे गेली की रुळाचा बोल्ट जुडग्यावर दाबला जाई, आणि मशीन हादरू लागलं की एक वायर लोखंडाला टेकत असे. वायरीचं कातडं तेवढ्याच ठिकाणी, मुगाच्या दाण्याएवढं, गेलं होतं.

मास्तरांनी ती वायर दोन बोटांत धरली आणि शेठना म्हणाले, "ह्याचा गुन्हा एवढाच, की ह्याचे पाय आखूड आहेत."

शेठ पुढे आले आणि देवजीला गुजरातीत काहीतरी म्हणाले, हळू आवाजात, मला ऐकू आलं नाही. देवजीनं मान हलवली. फोरमन निघून गेला होता. मास्तर तिथेच लोखंडावर बसले आणि त्यांना रडू आलं. नऊ दिवसांच्या थकव्यानं असेल. देवजी त्यांच्याशेजारी बसला आणि कँटीनकडे बघून म्हणाला, "मास्तरला चाय आणा रे."

त्या संध्याकाळी सुटताना मास्तर मला गेटपर्यंत पोचवायला आले. "तुम्ही पास लिहिला," ते म्हणाले. एवढंच. मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ बरं म्हटलं असेल, पण त्या तीन शब्दांनी मी घरी जाईपर्यंत रस्ता बघितला नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्या भावाचं पत्र आलं. म्हातारे वडील अंथरुणाला खिळले होते. मास्तर सकाळी ऑफिसात आले तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मी गावी जाई राहिलो. कायमचं. मोटारी भरायचं दुकान टाकतो. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळतच असतात." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही आल्या तर बरं होईल."

"कशाला?" मी विचारलं. खरंच कळलं नव्हतं, की कळूनही विचारलं, हे मला अजून सांगता येत नाही.

"राहायला," ते म्हणाले. "रीतसर. लग्न करून."

मी टेबलावरचे कागद सारखे केले. "आई आहे," मी म्हटलं.

"त्या पण येतील."

"ती नाही यायची."

"विचारलं का त्यांना?"

मी शिक्का उचलून खणात ठेवला. ते म्हणाले, "विचारा. मला घाई नाही." आणि त्यांनी एका चिठ्ठीवर गावचा पत्ता लिहून ठेवला.

मी विचारलं नाही. रोज संध्याकाळी घरी गेल्यावर वाटे, आज विचारू. आई कुकर लावत असे, बातम्या लागलेल्या असत, आणि ती संध्याकाळ निघून जाई. मास्तर गेले त्या सकाळी मी नेहमीसारखी कामावर गेले. त्यांचं पहिलं पत्र आलं, दुसरं आलं. दुकान चालू झालं, वडील गेले, मिरची चांगली आली आहे. उत्तरात मी यार्डातल्या मशीनांबद्दल लिहिलं. दुसरं काही लिहायचं धैर्य झालं नाही. मग पत्रं थांबली.

आई चार वर्षांनी गेली. शेवटच्या महिन्यात ती बरंच बोले. एक दिवस माझा हात धरून म्हणाली, "तो तुझ्या ऑफिसातला, सोलकढी पिणारा, तू त्याच्याकडे गेली असतीस ना?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"मी रागावले असते," आई म्हणाली. "चार-सहा महिने रागावले असते. मग काय करणार होते? तूच आहेस मला."

दिवसकार्य आटोपल्यावर पंधरा दिवसांनी मी वापीला गेले, तिथून सुरत, आणि सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले. कळवलं नव्हतं. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं. दोंडाईचाला उतरले तेव्हा आवारातून वाळत घातलेल्या मिरच्यांचा खकाणा येत होता. दुकान विचारत विचारत गेले.

मास्तर दुकानाच्या दारात एका मोटारीत तांब्याची तार भरत होते. केस पांढरे झाले होते. मला बघून ते उठले आणि त्यांनी हातातली तार खाली ठेवली. मग आत वळून त्यांनी हाक मारली, "अगं, सिल्वासाच्या बाई आल्या!"

आतून एक बाई आली. चाळिशीची, डोक्यावर पदर, हात पिठाचे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंडभर हसली. "या, या, बठा. तुमनं नाव मी रोज आयकस." तुमचं नाव मी रोज ऐकते.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तिचाही पहिला नवरा गेलेला होता. मी आत जाऊन बसले. तिनं गरम भाकरी वाढली, शेवेची भाजी, आणि मी किती कमी खाते म्हणून रागावली. मास्तरांनी देवजीची चौकशी केली, शेठची केली. मी आई गेल्याचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "इकडे कसं येणं केलं बाई?"

"नंदुरबारला काम होतं," मी म्हटलं. "म्हटलं, डोकावून जावं."

"चांगलं केलं," ते म्हणाले.

नवरा-बायको दोघंही मला स्टेशनवर पोचवायला आले. तिनं ओढणीच्या तुकड्यात बांधून लाल मिरच्या दिल्या आणि पुन्हा या म्हणाली, मनापासून म्हणाली. चांगली बाई होती. तिच्यावर रागावता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

गाडी हलली. मी दारात उभी होते. मास्तरांनी हात वर केला आणि गाडी थोडी पुढे जाईपर्यंत तसाच ठेवला. मग तिनं त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी वाकून तिला उत्तर दिलं, आणि दोघं बोलत बोलत फाटकाकडे चालू लागली. मला आत जागा मिळाली होती, खिडकीजवळची. नंदुरबार येईपर्यंत मी जाऊन बसले नाही.